पितळेवरचा उजेड

लहानपणी वडिलांच्या चावीच्या घड्याळाचे काही बिनसले की मी त्यांच्याबरोबर घड्याळजीकडे जायचो. बाजारपेठेत एका कापडाच्या दुकानाच्या पायरीला लागून त्याची काचेची पेटी असे आणि पेटीमागे, डोळ्याला आयग्लास लावून, तो वाकून बसलेला असे. एकदा त्याने माझ्यासमोर तिन्ही काटे उपसले, कडेचे दोन बारीक स्क्रू सैल केले आणि तबकडी उचलून कागदावर ठेवली. टिकटिक चालूच होती. सेकंदकाट्याचा दांडा आता उघडा पडून संथपणे गोल फिरत होता. मी विचारले, "आता किती वाजले ते त्या मशीनला माहीत आहे का?" वडील हसले. घड्याळजी हसला नाही. तो म्हणाला, "माहीत आहे, पण सांगता येत नाही."

पुढे कित्येक वर्षांनी स्वतः तबकडी करायला बसलो तेव्हा ते वाक्य आठवले. घड्याळातला प्रत्येक भाग काही ना काही ढकलतो, अडवतो, साठवतो किंवा सोडतो. कमानीचा जोर चाकाचाकांतून मागेपुढे डुलणाऱ्या बॅलन्स-चाकापर्यंत जातो. तबकडीच्या वाट्याला त्यातले काहीच येत नाही. ती नुसती पडून असते. तिचे सगळे काम उजेडाशी आहे. अंगावर पडलेल्या उजेडातला कुठला डोळ्याकडे परत पाठवायचा, कुठला चहूकडे विखरायचा आणि कुठला गिळून टाकायचा, एवढेच ती ठरवते. आकडा काळा दिसतो, कारण तिथे उजेड मुरतो. आकड्यांचे कडे पांढरे दिसते, कारण तिथून तो सगळीकडे सारखा विखुरतो. चांगली तबकडी खिडकीशी धरून थोडी कलती करा. मधला भाग चमकून विझेल, कडे मात्र शांत राहील आणि आकडे कुठल्याही कोनातून वाचता येतील. हे सारे अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या पत्र्यावर, रंगाचा थेंबही न वापरता साधता येते, आणि घरातल्या एका टेबलावर साधता येते.

तसे ते करून दाखवणारा सर्वांत मोठा माणूस आइल ऑफ मॅन या बेटावर राहत होता. इंग्लंड आणि आयर्लंड यांच्यामधल्या समुद्रातले हे छोटे बेट. तिथल्या रॅमसी गावात जॉर्ज डॅनियल्स (१९२६–२०११) यांचे घर होते आणि घरालगतच कार्यशाळा. डॅनियल्स गरिबीत वाढले, चौदाव्या वर्षी गाद्यांच्या कारखान्यात लागले, सैन्यातून सुटल्यावर मिळालेल्या पैशांतून त्यांनी हत्यारे घेतली आणि घड्याळदुरुस्ती सुरू केली. पुढे त्यांनी जे केले ते त्या काळी कोणी करत नव्हते. अख्खे घड्याळ, स्क्रूपासून तबकडीपर्यंत, त्यांनी एकट्याने घडवले.

हे किती अवघड होते ते समजायला जुने लंडन आठवावे लागेल. तिथल्या क्लार्कनवेल भागात घड्याळाचे काम तिसाहून जास्त धंद्यांत वाटलेले होते. चाके कापणारा वेगळा, कमान करणारा वेगळा, काटे घासणारा वेगळा, तबकडीवाला वेगळा आणि तबकडीवर आकडे घालणारा आणखी वेगळा. आपल्याकडच्या बारा बलुतेदारांसारखीच ती एकमेकांवर टेकलेली वस्ती. एकाचे काम दुसऱ्याच्या हाती जाई, पण दुसऱ्याची विद्या पहिल्याला येत नसे. विसाव्या शतकाच्या मध्याला यांतले बहुतेक धंदे बसले. डॅनियल्सनी एकेक विद्या पुस्तकांतून, जुन्या घड्याळांच्या पोटातून आणि भंगारात निघालेल्या यंत्रांवरून पुन्हा शिकून घेतली. १९८१ साली त्यांनी 'वॉचमेकिंग' हे पुस्तक लिहिले. घरच्या कोपऱ्यात लेथ मांडून बसलेल्या जगभरच्या माणसांसाठी ते पुस्तक म्हणजे गुरूचे घर झाले.

त्यांच्यातच मँचेस्टरच्या घड्याळशाळेत शिकलेला रॉजर स्मिथ नावाचा एक तरुण होता. पुस्तक समोर ठेवून त्याने एक खिशातले घड्याळ घरीच घडवले आणि ते डॅनियल्सना दाखवायला नेले. डॅनियल्सनी ते पाहिले आणि सांगितले की हे हाताने केल्यासारखे दिसते. आपण 'हाताने केलेले' हे कौतुकाने म्हणतो. तिथे तो दोष होता. घड्याळ असे दिसावे की जणू ते आपोआप अस्तित्वात आले, कोणाच्या कानशीचा, कलमाचा, बोटाचा माग त्यावर राहू नये, हा त्याचा अर्थ. स्मिथ परत गेला. दुसरे घड्याळ त्याने पाच वर्षांहून जास्त काळ खपून, भाग पुन्हा पुन्हा मोडून आणि नव्याने करून पुरे केले. ते डॅनियल्सनी मान्य केले, १९९८ मध्ये त्याला बेटावर कामाला बोलावले, आणि पुढे तो तिथेच आपली कार्यशाळा थाटून राहिला.

ही गोष्ट तबकडीला सर्वांत जास्त लागू पडते असे मला वाटते. चाकावर राहिलेला एखादा ओरखडा तबकडीखाली झाकला जातो. तबकडीवरचा ओरखडा झाकायला कोण आहे?

माझी कार्यशाळा म्हणजे घराची मागची बंद केलेली बाल्कनी. एक जुना, आठ मिलिमीटरच्या कॉलेटचा घड्याळजीचा लेथ, सोनाराची बारीक पात्याची करवत, स्पिरिटचा दिवा, पाचसहा कानशी. डॅनियल्सच्या तबकड्या चांदीच्या असत. शिकणाऱ्याने चांदी वाया घालवण्यापेक्षा पितळ घ्यावे, आणि त्यामागेही मोठी परंपरा आहे. सतराव्या शतकातल्या लंडनमध्ये थॉमस टॉम्पियन (१६३९–१७१३) सारखे घड्याळजी उभ्या घड्याळांवर आकड्यांचे कडे पितळेचेच बसवत आणि त्यावर चांदीचा अतिशय पातळ थर घासून चढवत. मी तीच रीत मनगटी घड्याळाच्या मापाला आणली.

मापे मशीनवरून ठरतात. हौशी मंडळींचे आवडते मशीन म्हणजे युनिटास ६४९८. मुळात ते खिशातल्या घड्याळांसाठीचे, हाताने चावी द्यायचे, ३६.६ मिलिमीटर व्यासाचे आणि ४.५ मिलिमीटर जाडीचे. सेकंदकाटा सहाच्या बाजूला वेगळ्या छोट्या वर्तुळात फिरतो. मशीन मोठे असल्यामुळे तबकडीही मोठी होते, हात चालवायला जागा मिळते, आणि सुरुवातीच्या माणसाला तेवढीच तर हवी असते.

पितळ कोणते हाही प्रश्न आहे. भांड्यांचा पत्रा चिवट असतो, कलमापुढे तो सुटत नाही, ओढला जातो. कोरण्यासाठीच्या पितळेत थोडे शिसे मिसळलेले असते. त्याचा चुरा कसा भुसभुशीत सुटतो आणि मागे स्वच्छ, चकचकीत खाच राहते. असा पत्रा कापून, लेथवर गोल करून, मध्ये काट्यांसाठी एक आणि सेकंदकाट्यासाठी एक अशी भोके पाडली की चकती तयार. हे अर्ध्या दिवसाचे काम. त्यात विशेष काही नाही.

विशेष सुरू होते ते पायांपासून. तबकडीच्या पाठीला तांब्याच्या तारेचे दोन छोटे खुंट झाळलेले असतात. त्यांना पाय म्हणतात. ते मशीनच्या पाटातल्या दोन भोकांत उतरतात आणि कडेचे स्क्रू त्यांना आवळून धरतात. घड्याळजीने माझ्यासमोर सैल केले ते हेच स्क्रू. पायांची जागा दहाव्या हिश्श्याच्या मिलिमीटरने जरी चुकली तरी सेकंदकाट्याचा दांडा आपल्या भोकाच्या एका कडेला टेकल्यासारखा दिसतो, आणि एकदा ते दिसले की दुसरे काही दिसत नाही. झाळ थोडी जास्त झाली तर खुंटाच्या बुंध्याशी तिचा मणी तयार होतो आणि तबकडी मशीनवर सपाट बसत नाही. कमी झाली तर वर्षभराने, एखाद्या धक्क्याने पाय सुटतो. माझी पहिली तबकडी इथेच गेली. पाय व्यवस्थित बसले, पण ज्योत एका जागी जरा जास्त थांबली आणि पुढच्या बाजूने, अगदी त्या जागेच्या वर, पत्र्याला फुगवटा आला. बोटाला तो जाणवत नव्हता. उजेडाला जाणवत होता.

आता खुणा. साठ मिनिटांच्या साठ रेघा, प्रत्येक सहा अंशांवर. घड्याळजीच्या लेथच्या पुलीवर बहुधा साठ भोकांची फेरी असते, ती याच कामाची. खिट्टी एका भोकात अडकवायची, टोकदार हत्यार केंद्राच्या उंचीवर धरून एक रेघ ओढायची, खिट्टी काढायची, पुढच्या भोकात अडकवायची. साठ वेळा. मध्येच फोन आला, मन गेले, एक भोक चुकले, तर एकसष्टावी रेघ पहिलीवर येत नाही.

या कामाने मला एक गोष्ट शिकवली. मिनिटांच्या रेघांचे वर्तुळ केंद्रापासून १६ मिलिमीटरवर असेल तर त्याचा परीघ सुमारे १००.५ मिलिमीटर होतो, म्हणजे दोन रेघांत १.६८ मिलिमीटर अंतर. आता समजा एक रेघ ०.१ मिलिमीटर सरकली. वेळेच्या हिशेबात ही चूक साडेतीन सेकंदांची. मिनिटकाट्यावरून कोणी साडेतीन सेकंद वाचत नाही. या चुकीने कोणाची गाडी चुकणार नाही. तरीही ती रेघ डोळ्यात खुपते. शेजारच्या अंतरांशी डोळा तिची तुलना करतो, आपण न सांगता करतो, आणि काहीतरी बिघडले आहे असे आपल्याला कळवतो. रांगोळीच्या ठिपक्यांत एक ठिपका किंचित हलला की सगळी रांगोळी वाकडी दिसते, तसेच. तबकडीतली अचूकता मशीनसाठी नसून पाहणाऱ्याच्या डोळ्यासाठी असते, आणि डोळा मशीनपेक्षा कडक परीक्षक आहे.

रेघांनंतर आकडे. हे कलमाचे काम आणि इथे घाई चालत नाही. पृष्ठभागावर पांढऱ्या रंगाचा पातळ हात फिरवून त्यावर टोकाने आकडे रेखतात. चकती चामड्याच्या, वाळू भरलेल्या उशीवर ठेवतात. कलमाची मूठ तळहातात मावणारी, अळंबीच्या टोपीसारखी. डावा हात काम धरतो, उजवा कलम पुढे ढकलतो, आणि वळण आले की कलम न वळवता डावा हात कामच फिरवतो. ही गोष्ट शब्दांत सोपी आहे. माझ्या हाताला ती कळायला तीन महिने लागले. सोनाराच्या पेढीवर नक्षी कोरणारा माणूस बघा: त्याचा उजवा हात जवळपास स्थिर असतो, बांगडीच त्याच्या कलमाखाली वाहत जाते.

रोमन आकडे कोरायला बरे, कारण सगळे सरळ रेघांचे. जाड रेघ आणि बारीक रेघ यांचा खेळ मात्र सांभाळावा लागतो, कारण आकड्याचे रूप त्यातच आहे. चारच्या जागी बहुतेक घड्याळांवर चार उभ्या रेघा असतात, पाचातून एक वजा करणारे पुस्तकी रूप नसते. वेस्टमिन्स्टरच्या प्रसिद्ध मनोऱ्यावरचे घड्याळ हा ठळक अपवाद. मी दोन्ही करून पाहिले आणि चार रेघांचा चारच ठेवला. समोर, त्याच उंचीवर, आठचा भरगच्च आकडा असतो; त्याच्यासमोर दोन अक्षरांचा चार हलका पडतो आणि तबकडी एका बाजूला कलल्यासारखी वाटते.

कलम निसटले की सगळे संपते. ते निसटते तेव्हा आवाजही होत नाही. फक्त चकतीवर एक लांब, सुंदर, चकाकती रेघ उमटते आणि आपण ती पाहत बसतो. दुसरी तबकडी नवव्या आकड्यावर गेली.

कोरलेल्या खाचा भरायच्या कशाने? लाखेने. पळस, बोर, कुसुम या झाडांवर वाढणाऱ्या किड्याचा हा स्राव इंग्लंडच्या घड्याळजींपर्यंत पूर्वेकडूनच पोहोचला. आपल्या सोनारांना तो चांगला ठाऊक आहे: पोकळ सोन्याच्या मण्यांत लाख भरून बोरमाळेला अंग देतात. घड्याळजी तिच्यात काजळी मिसळून कडक काळी कांडी करतात. तबकडी पाठीमागून स्पिरिटच्या दिव्यावर अलगद तापवायची, कांडी खाचेवर टेकवायची, आणि ती वितळून खाचेत शिरते. जास्त तापली तर लाखेला बुडबुडे येतात, आणि थंड झाल्यावर घासताना त्यांच्या जागी खळगे उघडे पडतात. कमी तापली तर लाख तळाला चिकटत नाही आणि नंतर अख्खा आकडा निखळून येतो. तापमापक लावून हे जमत नाही. लाखेचा वास आणि तिचा ओलसर झळाळ यांवरून हाताला कळते.

थंड झाल्यावर तबकडी काळीकुट्ट, ओबडधोबड दिसते. मग सपाट ठोकळ्यावर पॉलिशपेपर लावून, पाणी सोडत, सगळी जास्तीची लाख उतरवायची. काळा चिखल वाहत जातो आणि त्याखालून पिवळ्या पितळेत काळे आकडे एकेक करून वर येतात. या सबंध कामातला हा माझा सर्वांत आवडता क्षण. आकड्यांच्या कडा इतक्या धारदार असतात की छापलेला आकडा त्यांच्यापुढे पुसट वाटतो. कारखान्यात सिलिकॉनच्या मऊ गोळ्याने शाई उचलून तबकडीवर ठसा उमटवतात, आणि ते कामही अतिशय नेटके होते. पण शाई पृष्ठभागावर बसते. लाखेचा आकडा पत्र्याच्या पोटात असतो, आणि आयग्लासखाली तो फरक लगेच दिसतो.

आता उजेड. लेथवर चकती फिरवत तिच्यावर बारीक पॉलिशपेपर एका दाबाने धरला की केंद्राभोवती हजारो सूक्ष्म गोल रेघा पडतात. नव्या स्टीलच्या डब्याचे झाकण दिव्याखाली धरा: चमक पंख्यासारखी, केंद्रापासून दोन बाजूंना पसरलेली दिसेल, आणि झाकण कितीही फिरवले तरी ती जागची हलणार नाही. रेघेवर पडलेला उजेड रेघेच्या लांबीला आडवा पसरतो. गोल रेघांपैकी ज्या रेघा दिव्याच्या दिशेला काटकोनात आहेत त्याच आपल्याकडे उजेड पाठवतात, म्हणून चमकेचा पट्टा दिव्याच्या दिशेने पडतो. रेघा केंद्रातून बाहेर, सूर्यकिरणांसारख्या घातल्या तर तोच पट्टा दिव्याला आडवा पडतो. कडे गोल रेघांचे आणि मधला भाग किरणांचा केला तर दोन्हींच्या चमका एकमेकींना छेदतात, एक उजळली की दुसरी मंद असते, आणि सपाट पत्र्याला दोन मजले असल्याचा भास होतो. यात खोली कुठेच नाही. असतो तो नुसता ओरखड्यांच्या दिशेतला फरक. म्हणून ओरखडे टाळणे हा तबकडीचा नियम नव्हे. प्रत्येक ओरखडा आपल्या मर्जीचा असला पाहिजे, हा नियम.

पॅरिसमधल्या अब्राहम-लुई ब्रेगे (१७४७–१८२३) यांनी हे सर्वांत आधी पुरते ओळखले असे मी म्हणेन. मूळचे न्यूशातेलचे ब्रेगे १७७५ मध्ये पॅरिसच्या के द लॉर्लोज या नदीकाठच्या रस्त्यावर धंद्याला बसले. तोवरच्या तबकड्या बहुधा पांढऱ्या मीन्याच्या, किंवा नक्षीने भरलेल्या. ब्रेगेंनी १७८६ च्या सुमारास धातूच्या तबकड्यांवर यंत्राने कोरलेली सूक्ष्म जाळी आणली. या यंत्राला वीज लागत नाही. एका हाताने मूठ फिरवायची. काम लाटांच्या कडेच्या चकतीला टेकून मागेपुढे डुलते. दुसऱ्या हाताने स्थिर हत्यार त्यावर दाबायचे. दरवेळी एक नागमोडी रेघ, काही शतांश मिलिमीटर खोल. रेघा शेजारीशेजारी आल्या की त्यांच्यातून जवाचे दाणे, चौकोनी मनोरे, चटईची वीण अशा आकृती उठतात. शोभा तर ती आहेच, पण ब्रेगेंचा हेतू वाचनाचा होता. एकाच तबकडीवर तास, सेकंद आणि चावी किती उरली याचे वेगवेगळे भाग असत. प्रत्येकाला वेगळी जाळी दिली की डोळा एका नजरेत त्यांना वेगळे करतो, आणि जाळी उजेड फोडते म्हणून चांदीवरून तिरीप डोळ्यावर येत नाही. आकड्यांचे कडे ते साधे ठेवत. त्यांच्या नावाच्या खोट्या घड्याळांचा सुळसुळाट झाला तेव्हा १७९५ च्या सुमारास त्यांनी तबकडीवर गुप्त सही कोरायला सुरुवात केली. ती इतकी बारीक असे की उजेड तिरपा पडला तरच दिसे. खऱ्याखोट्याची परीक्षाही त्यांनी उजेडावरच सोपवली.

ही कोरणारी यंत्रे विसाव्या शतकात भंगारात गेली. डॅनियल्सनी आपली मिळवून, दुरुस्त करून वापरली. माझ्या बाल्कनीत तसले यंत्र नाही, म्हणून माझ्या तबकडीचा मधला भाग किरणांचा.

उरला पांढरेपणा. डॅनियल्ससारखी चांदीची तबकडी असेल तर तो चांदीच्या आतूनच काढता येतो. दागिन्यांच्या चांदीत हजारात ९२५ भाग चांदी असते, बाकीचे बहुतेक तांबे. ती मंद लाल होईपर्यंत तापवली की पृष्ठभागावरच्या तांब्याचे हवेशी मिळून ऑक्साइड होते; सौम्य आम्लात बुडवले की ते विरघळून जाते, चांदीला काही होत नाही. हे तीनचारदा केले की वर निव्वळ चांदीचा, सूक्ष्म छिद्रांचा, बर्फासारखा निस्तेज पांढरा थर राहतो. देवघरातले ताम्हण चिंचेने घासताना याच्या अर्ध्या भागाचे रसायन आपल्या हातांखाली घडत असते: चिंचेतले टार्टारिक आम्ल तांब्याची काळपट पुटे विरघळवून नेते.

पितळेला ही वाट बंद आहे, आणि लाख भरून झाल्यावर तर तापवण्याचा प्रश्नच उरत नाही. म्हणून टॉम्पियनच्या काळची थंड रीत. सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात मीठ घातले की दह्यासारखा पांढरा साका बसतो. तो सिल्व्हर क्लोराइड. त्यात मीठ आणि क्रीम ऑफ टार्टर मिसळून ओलसर लगदा करायचा. हे क्रीम ऑफ टार्टर म्हणजे चिंचेतल्या त्याच आम्लाचा एक क्षार, बेकरीवाल्यांकडे मिळतो. लगदा ओल्या फडक्यावर घेऊन पितळेवर गोल गोल चोळायचा. पितळेतले तांबे आणि जस्त विरघळून बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी चांदी बसते. वीज नाही, आच नाही. दोनतीन मिनिटांत पिवळे पितळ आधी करडे होते. मग नुसते क्रीम ऑफ टार्टर घेऊन पुन्हा चोळले की करडेपणा निघतो आणि मऊ, दुधाळ पांढरा रंग येतो. लाखेला काहीच होत नाही; आकडे आधीपेक्षाही काळे वाटतात. थर इतका पातळ असतो की खालचे सगळे ओरखडे जसेच्या तसे टिकतात, त्यांची चमक फक्त पिवळ्याची पांढरी होते. हातमोजे मात्र घालावेत, कारण सिल्व्हर नायट्रेटने बोटे काळी पडतात आणि तो डाग कित्येक दिवस जात नाही.

माझी तिसरी तबकडी इथपर्यंत आली होती. पाय सरळ, रेघा समान, आकडे धारदार. चांदी चढल्यावर मी ती कापसाने टिपली, वर पातळ लाखरोगणाचा हात दिला, आणि आठवडाभर रोज खिडकीशी नेऊन पाहिली. आठव्या दिवशी सातच्या आकड्याजवळ एक तपकिरी छटा दिसली. दोन दिवसांनी ती ठळक झाली. आयग्लास लावून पाहिले तर बारीक, वळणदार, एकात एक गुंफलेल्या रेघा. चांदी चढवण्याआधी, पितळ स्वच्छ करून झाल्यावर, मी ती कुठेतरी बोटाने धरली होती. त्या तेलकट ठशावर चांदी नीट धरलीच नव्हती. डॅनियल्सनी त्या तरुणाला सांगितलेले मला तेव्हा अक्षरशः समोर दिसले. माझा हात तबकडीवर राहिला होता.

चौथीला मी पितळ भिजवलेल्या खडूच्या पुडीने घासून, पाणी तिच्यावर न फुटता सलग पसरते का ते पाहिले, आणि त्यानंतर रोगण वाळेपर्यंत तिला फक्त कडेने, लाकडी चिमट्याने धरले. ती टिकली.

तबकडी मशीनवर बसवण्याच्या दिवशी टेबल दोनदा पुसले. पाय भोकांत उतरले, स्क्रू आवळले. मग तासकाटा, मिनिटकाटा, शेवटी सेकंदाचा छोटा काटा. काटे एकमेकांना आणि तबकडीला न घासता फिरायला हवेत. त्यांच्यामधल्या फटी कागदाच्या जाडीच्या असतात. दोन काटे बरोबर बारावर एकावर एक येतात का ते पाहायला चावी फिरवत काटे बारा तास पुढे नेले. संध्याकाळी पश्चिमेच्या उजेडात मधल्या भागावरचा चमकेचा पट्टा आडवा पडला, कड्यावरचा उभा, आणि सेकंदकाटा त्या दोन्हींतून जात राहिला.

पाठीमागची बाजू मी घासली नाही. तिथे करवतीच्या खुणा आहेत, पायांची जागा ठरवताना ओढलेल्या आडव्याउभ्या रेघा आहेत, एका पायाच्या बुंध्याशी झाळीचा छोटा डाग आहे, आणि टोकाने कोरलेली तारीख. जुने घड्याळजी दुरुस्तीच्या वेळी घड्याळाच्या आतल्या बाजूला अशाच बारीक खुणा करून ठेवत. पाचसहा वर्षांनी तेल वाळेल, घड्याळ मागे पडू लागेल, आणि कोणीतरी कडेचे दोन स्क्रू सैल करून ही तबकडी कागदावर पालथी ठेवेल.